दुसरा मजला, गाद्या आणि उशा

ग्लेनिस हॅदरसॉलनं आमच्या बाजारपेठेतल्या मोठ्या दुकानात एकतीस वर्षं गाद्या विकल्या. दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या उजव्या हाताला. गिऱ्हाईक बूट काढून गादीवर पडायचं आणि ती शेजारी उभी राहायची. कामावर असताना टेकायचं नाही, असा नियमच होता.

पुढं गिऱ्हाईक आटलं, दुकान बंद पडलं. सहा वर्षं खिडक्यांना फळ्या होत्या. शेवटी नगरपालिकेनं ठरवलं, खाली दुकानं राहू देत, वर माणसं राहू देत. माणसं राहिली तर सकाळी पाव घ्यायला तरी खाली उतरतील. तळमजल्यावर किल्ल्या करायचं दुकान माझं. त्यामुळं वर कोण राहायला आलं ते मला आधी कळतं. पहिली ग्लेनिस आली, आणि तिनं मागून घेतला तो दुसरा मजला.

"क्लिफर्ड कुठाय?" मी विचारलं.

"घरीच. म्हणतो, दुकानात राहायला मी काय कपडे घातलेला पुतळा आहे?"

क्लिफर्ड तिचा नवरा, बसचा निवृत्त ड्रायव्हर. तो टेकडीवरच्या जुन्या घरातच राहिला. रोज बाराच्या बसनं जेवायला यायचा, चारच्या बसनं परत जायचा. सात महिने हे असंच चाललं. भांडण काही नव्हतं.

मार्चमधल्या एका दुपारी दोघं जेवत असताना बेल वाजली. दारात दुकानाच्या जुन्या गिऱ्हाईक ऑग्डेनबाई. वय नव्वदीच्या घरात, काखेत उशी. हल्ली त्यांना साल कुठलं चाललंय ते आठवत नसे, पण जिना बरोबर आठवला होता.

"ही फार कडक निघाली. बदलून द्या."

"अहो बाई, दुकान बंद होऊन—" क्लिफर्ड उठला. ग्लेनिसनं त्याला हातानंच बसवलं.

"पावती आणलीय?"

"नाही हो."

"असू दे. झोपता कशा, कुशीवर का पाठीवर?"

तिनं बाईंचे बूट काढले, त्यांना स्वतःच्या पलंगावर निजवलं आणि एकामागून एक तीन उशा लावून पाहिल्या. तिसरीवर बाईंना गाढ झोप लागली. क्लिफर्डनं बाईंच्या लेकीला फोन केला. परत येऊन बघतो तो ग्लेनिस पलंगाशेजारी हात बांधून उभी.

त्यानं खुर्ची आणून तिच्या मागं ठेवली. "बस की आता. कोण ओरडणार आहे?"

ती बसली. मग जरा वेळानं रडली. तो तिच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. त्या दिवशी चारची बस त्याच्याविना गेली.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या दुकानात आला.

"तुझं ते किरकिरं यंत्र सकाळी किती वाजता सुरू होतं?"

"आठला."

"मे महिन्यापासून साडेआठ कर," तो म्हणाला, आणि सामान नेणाऱ्या टेम्पोचा नंबर मागून घेतला.