बोटावरचा चिमटा

धाकट्या नातीचं लग्न ठरलं, त्याच वर्षी आजोबांच्या छातीने दगा दिला आणि त्यांना इस्पितळात ठेवावं लागलं. आजी निवृत्त नर्स. काचेच्या सिरिंजा उकळून आणि बोथट सुया दगडावर घासून तिने नोकरी केलेली. त्यामुळे आजोबांची तब्येत आपल्याशिवाय कुणाला कळणार नाही, अशी तिची पक्की समजूत होती. तिच्या समजुती पक्क्याच असत. बरोबर क्वचित निघत.

वॉर्डातली तरुण नर्स यायची, मशीनच्या पडद्यावरचे आकडे बघायची, कॉम्प्युटरमध्ये भरायची आणि पुढच्या पेशंटकडे पळायची.

"हिने हात तरी लावला का तुम्हाला?" आजी कुरकुरली.

"ते सोड. हा गाऊन बघ, काखेत उसवलाय," आजोबा म्हणाले. जन्मभर त्यांनी शिंपीकाम केलं होतं.

नर्सची पाठ वळताच आजीने आजोबांच्या बोटाला लावलेला मशीनचा चिमटा काढला, मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघत नाडी मोजायला घेतली. नाडी छान लागत होती. पडद्यावरचा आकडा मात्र गायब झाला आणि मशीनने बोंब ठोकली. डॉक्टर, नर्स, ट्रॉली, सगळे धावत आले.

"चिमटा कोणी काढला?"

आजीने इकडेतिकडे पाहिलं. आजोबांवर ढकलावं, तर त्यांचा हात अजून तिच्याच मुठीत.

"मुद्देमालासकट सापडली," आजोबा म्हणाले.

"आजी, तुम्ही बाहेर बसा. भेटीच्या वेळी या," डॉक्टर म्हणाले.

नातेवाईक बाहेर बाकावर बसलेले असतात आणि आत माणूस निघून जातं, हे आजीने नोकरीत कितीदा पाहिलं होतं.

"भेटीची वेळ संपली की घंटा वाजवून जन्मभर लोकांना हाकललंस," आजोबा हळूच म्हणाले, "आता निघ." पण हात त्यांनी सोडला नाही.

नर्सने ते पाहिलं. "राहू द्या ना, डॉक्टर. हात धरून बसावंसं आम्हालाही वाटतं, पण वेळ कुठाय? आजी, चिमटा या हाताला राहील. तुम्ही दुसरा धरा. नाडी तिकडेही लागते."

"हे आता मला शिकवणार!" आजी म्हणाली आणि मुकाट पलंगाच्या पलीकडे गेली.

त्यानंतर ती तिथून हलली नाही. तिचा आकडा आणि पडद्याचा आकडा बहुतेक जुळायचे. मशीन सुधारतंय, असं ती नर्सला सांगायची.

दुसरा हात तिच्या हातात असतानाच, लग्नाच्या आदल्या आठवड्यात, मंगळवारी दुपारी आजोबा वारले.