रविवारच्या गोळ्या

“खोटं बोलू नका! सव्वीस वर्षं ड्रेसिंग करतेय मी.”

मी इतकी ओरडले की बाहेरच्या बाकावरचे पेशंट दारातून डोकावायला लागले. टेबलावर क्रेनवाला पालथा झोपला होता. अकरा दिवसांपूर्वी त्याच्या मानेवरची गाठ काढून आम्ही तिथं मांडीची कातडी लावली होती. आता ती काळी पडली होती, कडेनं पू येत होता आणि वास तर विचारूच नका.

“सगळ्या गोळ्या संपवल्यात, सिस्टर.” त्यानं खिशातून गोळ्यांचं रिकामं पाकीट काढलं. चौदाच्या चौदा संपलेल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दाराशी उभी असलेली त्याची बायको म्हणाली, “घेतल्यात हो यांनी. पण रविवारी.”

“म्हणजे?”

“पहिल्या दिवशी एक, गेल्या रविवारी सहा, काल सात.”

“औषध म्हणजे काय आठवड्याचं धुणं आहे, सुट्टीला एकदम उरकायला?”

तो उशीत तोंड खुपसून बोलला. “गोळी घेतली की पोट सुटतं. मी असतो क्रेनच्या केबिनमध्ये, चाळिसाव्या मजल्याच्या वर. शिडीनं उतरायला वीस मिनिटं, चढायला अर्धा तास. तोवर खाली सगळं काम बंद. पहिल्या दिवशी दोनदा उतरलो, तर साहेब म्हणाले, उद्यापासून घरीच बस. मग काय करू?”

मी त्याचा केसपेपर काढला. व्यवसाय: नोकरी. अक्षर माझंच. गेल्या सोमवारी याच टेबलावर मी त्याचं पाकीट बघितलं होतं. दिवसाला दोन घ्यायच्या, चार दिवसांत सात गेलेल्या. एखादी विसरला असेल, असं म्हणून मी त्याला शाबासकीसुद्धा दिली होती. माझाच मला संताप आला.

तेवढ्यात डॉक्टर आले. मानेकडे एकदा बघून म्हणाले, “कोर्स नीट केला नसणार. या लोकांना कितीही सांगा, पालथ्या घड्यावर पाणी.”

“सांगितलं आपण, सर. विचारलं कुणी? पोट न बिघडवणारी दुसरी गोळी होती ना?”

“होती. यांनी सांगायचं होतं मग.”

“दीड मिनिटात बाहेर काढता तुम्ही पेशंटला! आणि मी तरी काय वेगळं केलं?”

डॉक्टरांनी माझ्याकडे न बघता कागदावर लिहिलं: दाखल करा, कातडी काढून पुन्हा लावावी लागेल, तीन आठवडे.

“तीन आठवडे?” क्रेनवाल्याची बायको दारातून आत आली. “तोवर यांची जागा कोण ठेवतंय!”

मी कात्री घेऊन मेलेली कातडी कापायला लागले, तेव्हा त्यानं पालथं पडल्यापडल्याच फोन लावला.

“साहेब, मी काही येत नाही आता. नव्या माणसाला एवढं सांगा, डावा दांडा जड चालतो. हळू ओढायचा. झटका दिला तर भार हेलकावतो, आणि खाली माणसं असतात.”