सव्वा व्होल्ट आणि चिमूटभर

नरसय्यामामा म्हटलं की आधी त्यांचा उजवा तळवा डोळ्यांपुढे येतो. सुताच्या अखंड स्पर्शाने गुळगुळीत झालेला तो रुंद तळवा माझ्या संगणकाच्या पत्र्याच्या पेटीवर विसावलेला असे, डोळे मिटलेले असत, आणि खिडकीच्या फटीतून आलेली वैशाखाची तिरीप त्यांच्या पांढऱ्या भुवयांवर थरथरत असे. बाबांचे हे जिवलग दोस्त. सोलापुरातल्या यंत्रमागांची दुखणी काढण्यात त्यांचं आयुष्य गेलं. माग अडला की आधी हात ठेवायचा, मग कान लावायचा, पान्हा सगळ्यांत शेवटी उचलायचा, ही त्यांची रीत.

मी चादरींची नक्षी संगणकावर उतरवते. दुकानातल्या तंत्रज्ञाने माझ्या यंत्राचा वेग वाढवून दिला होता. त्याच्या गारेगार दुकानात ते झकास चाललं, आणि माझ्या पत्र्याच्या छपराखाली भर दुपारी पडदा काळा करून बसू लागलं. मोराची मोठी नक्षी सोमवारी कारखान्यात गेली नाही, तर मालक काम दुसऱ्याला देणार होते, आणि मला घराला कुलूप लावून पुण्याच्या नोकरीवर जावं लागणार होतं. बाबांनी उभारलेलं हे घर सोडायचं याचीच मला भीती वाटायची, आणि भ्यायले की मी चिडते.

त्यामुळे मी बोलावलेल्या मामांनी सकाळी आल्या आल्या जे केलं ते पाहून माझा पारा चढला. बादलीभर पाणी आणून त्यांनी टेबलाभोवती फरशीवर शिंपडलं आणि खिडकीत ओली चादर टांगली! उन्हाळ्यात सूत कोरडं पडून तटातट तुटतं, म्हणून मागाच्या शेडमध्ये असंच करतात. "मामा, अहो हा माग नाही, विजेचं यंत्र आहे!" मी ओरडले. मामांनी जीभ चावली, कपाळावर हात मारून खो खो हसले आणि स्वतःच फडकं घेऊन फरशी पुसायला बसले. मग मलाही हसू आवरेना.

यंत्र सुरू होण्याआधीचा सेटिंगचा पडदा त्यांनी उघडला. हे सगळं ते फोनवर तेलुगू व्हिडिओ पाहून शिकले होते. चष्मा कपाळावर सरकवून आकडे वाचले आणि म्हणाले, "एवढं कशाला पाजलंय गं ह्याला?" वेग वाढवताना प्रोसेसरला किती व्होल्टेज द्यायचं हे तंत्रज्ञाने यंत्रावरच सोडलं होतं, आणि ते गरजेपेक्षा जास्त घेऊन तापत होतं. आम्ही सगळेच असे, अडलं की आणखी देत सुटतो. मामा मात्र उतरत गेले. एक पायरी खाली यायचं, पेटीच्या अंगावर खडूने आकडा लिहायचा, मोराची नक्षी चालवायची, तळवा ठेवून ऐकायचं, आणि पुन्हा एक पायरी. पंख्याची घरघर हळूहळू मवाळ होत गेली. बरोबर सव्वा व्होल्टवर मोर अर्ध्या पिसाऱ्यात गोठला. मामांनी चिमूटभर वाढवलं, आणि पिसारा पुरा झाला.

मी टाळ्या पिटत चहा टाकायला धावले. मामा खुर्चीतून हलले नाहीत.

"सकाळचं चालणं काय चालणं? दोनला बघू की."

पहाटेच्या गारव्यात लावलेला माग दुपारी दगा देतो, हे त्यांच्या हाडांत मुरलेलं. दोन वाजता त्यांनी खिडकी बंद केली, छताचा पंखा बंद केला आणि मोर सोडला. घामाच्या धारा लागल्या. शेवटच्या चार पिसांवर पडदा काळा झाला, आणि मला रडूच कोसळलं. मामांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. व्होल्टेजला हात न लावता त्यांनी वेगच एक पायरी खाली आणला.

"रोज चालायला पायजे की, पोरी. शर्यत लावायचीय का?"

पुन्हा मोर. एकदा, दोनदा, तासभर. मामांचा तळवा पेटीवर, माझे डोळे पडद्यावर. शेवटी त्यांनी डोळे उघडले, आणि तोंडभर हसत म्हणाले, "चालायलंय की!" त्या तापलेल्या खोलीत मी अक्षरशः गिरकी घेतली. सोमवारी नक्षी कारखान्यात गेली, चादर विणली गेली, पुण्याला नकार कळवला, आणि त्याच पेटीवर माझं काम आजही चाललंय.

मामा आता लेकीकडे हैदराबादला असतात. खडूचे आकडे पुसट झाले, त्यांची खुर्ची रिकामी असते, पण उन्हं तापली की दुपारी दोनला त्यांचा फोन येतो. मी फोन पेटीला टेकवते आणि दुसरा तळवा तिच्यावर ठेवते. पलीकडे ते डोळे मिटून ऐकत असणार, हे मला ठाऊक असतं. काळ माणसांना कितीही लांब नेवो, कुणीतरी आपल्यासाठी कान लावून बसलंय एवढ्यावर हे घर उघडं राहिलंय.