निरोगी रक्त

आमच्या दवाखान्याच्या लॅबमध्ये मलेरिया तपासायचं नवीन मशीन आल्यापासून प्रत्येक खेपेत एक निरोगी रक्त सोबत चालवायचं, असा नियम झाला. रुग्णाच्या रक्तात मलेरियाच्या जंतूचा कण जरी असला, तरी पडद्यावर त्याची रेष वर चढते. निरोगी रक्ताची रेष मात्र आडवीच राहायला हवी. ती उठली, की आपल्याच हातून काहीतरी सांडलं, मिसळलं असं समजायचं आणि अख्खी खेप फेकून द्यायची. हे रक्त आधी तपासलेल्या दात्याकडून मागवावं, असं नियमावलीत आहे. त्याला तीन अर्ज लागतात. मी सिस्टरपुढे हात केला आणि म्हटलं, टोचा. माझं रक्त मी स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं होतं. त्यात काही नव्हतं.

पहिल्याच खेपेला ती रेष उठली. अगदी शेवटी, आळसावल्यासारखी, पण उठली. नऊ रुग्णांचे रिपोर्ट अडकले. मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या, पण डॉक्टर. त्या म्हणाल्या, "काका, हातमोजे बदलता ना मध्ये?" मला झोंबलं. मी टेबलं ब्लीचनं पुसली, नळ्या नव्या काढल्या, श्वाससुद्धा बेतानं घेतला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बरं, नुसतं पाणी घातलेली नळी स्वच्छ होती, म्हणजे तपासणीच्या रसायनांत खोट नव्हती. मॅडम माझ्या हातांकडे बघत राहिल्या. मशीनच खुळं आहे, असं मी चारचौघांत बोलून दाखवलं.

तिसऱ्या दिवशी सिस्टर वैतागली. "काका, रोज तुम्हालाच काय टोचायचं? दंडाची चाळण झालीय. आज माझं घ्या."

तिचं घेतलं. रेष शेवटपर्यंत आडवी राहिली. नऊच्या नऊ रिपोर्ट बाहेर गेले आणि मी खुर्चीत तसाच बसून राहिलो. माझे हात स्वच्छ होते. मशीनही शहाणं होतं. जंतू माझ्यातच होता, इतका थोडा की मला भिंगाखाली कधीच दिसला नसता.

खरं सांगू? मला आनंद झाला. बायको जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून अंगात कणकण, चार पायऱ्या चढलो की दम, जेवणावर वासना नाही. मुलगी दूर असते, दर रविवारी फोन करते. तिचं एकच पालुपद: "बाबा, तुम्ही एकटे पडलाय. लोकांत मिसळा." मी उखडायचो. एकटा पडायला मी काय विसरलेली छत्री आहे? आणि आता हातात पुरावा होता. त्या दिवशी रविवार नसताना मी फोन लावला.

"एकटेपणा नाही, मलेरिया आहे! जुना, लपून बसलेला. मशीननं पकडला."

"बाबा, मलेरिया झालाय हे इतकं खुशीत कोण सांगतं?" ती म्हणाली. पण घाबरली, आणि दुसऱ्या दिवशी आली.

गोळ्या तीन दिवसांच्या होत्या. ती सहा दिवस राहिली. तिनं माझे मोजे जोडीनं लावले, आईचं कपाट आवरलं, माझ्यावर ओरडली, मी तिच्यावर ओरडलो. सकाळी दुसऱ्या खोलीत कुणीतरी खोकतंय, नळ सोडतंय, हे ऐकत मी मुद्दाम उशिरा उठायचो. त्या सहा दिवसांत मी दोनदा मागून भाजी घेतली. औषध लागू पडतंय, असं आम्ही दोघंही म्हणालो. सातव्या दिवशी तिला स्टेशनवर सोडून परत आलो, कुलूप उघडलं आणि घर खायला उठलं. गोळ्यांचा परिणाम व्हायला वेळ लागतो, अशी मी मनाची समजूत घातली.

महिन्यानं पुन्हा तपासायचं होतं. माझी नळी मीच मशीनमध्ये ठेवली. नळ्या तापवण्या-थंडावण्याच्या चाळीस फेऱ्या असतात, दीड तास लागतो. एरवी मी त्या वेळात चहा पिऊन येतो. त्या दिवशी पडद्यासमोरून हललो नाही. तिसावी फेरी झाली, पस्तिसावी झाली. मागच्या वेळी इथेच कुठेतरी रेष उठली होती. ऊठ, मी मनात म्हणत होतो, थोडीशी तरी ऊठ. जंतू असेल तर गोळी आहे. जंतू असेल तर मुलगी येईल.

चाळिसावी फेरी संपली. रेष आडवीच होती. मॅडमनी मागून डोकावून पाहिलं, "अभिनंदन, काका" म्हणाल्या आणि निघून गेल्या.

संध्याकाळी फोन आला. "काय आलं, बाबा?"

क्षणभर जिभेवर आलं होतं की सांगावं, अजून आहे थोडा. ती पुन्हा सहा दिवस आली असती. पण एकतीस वर्षांत मी एकही खोटा रिपोर्ट दिलेला नाही.

"काही नाही. साफ आहे."

"देवा! सुटले बाई. मग आता थकवा गेला ना?"

मी खिडकी लावली, पुन्हा उघडली.

"नाही गं," मी म्हणालो. "तो नाही गेला."