खोकणारी खुर्ची

कलादालनात कुठलीही वस्तू आली की आधी तिची तपासणी व्हायची. कुठे ओरखडा, कुठे टवका, सगळं फॉर्मवर लिहायचं आणि प्रदर्शन संपलं की वस्तू तशीच्या तशी परत करायची. संचालिकाबाईंचा या फॉर्मवर देवापेक्षा जास्त विश्वास. त्यामुळे एका अतिवास्तववादी कलावंताची लाकडी खुर्ची आली तेव्हा त्यांनी शांतपणे लिहिलं, ‘डाव्या हातावर ओरखडा. वेत सैल. खोकला, दर दहा मिनिटांनी.’ आणि खाली सही ठोकली.

प्रदर्शन झकास चाललं. लोक रांगा लावून खोकला ऐकून गेले. घोळ झाला तो शेवटच्या आठवड्यात. खुर्ची खोकायची थांबली.

बाईंनी नियमाप्रमाणे कलावंताला पत्र धाडलं : ‘आपली खुर्ची बरी झाली आहे. अभिनंदन.’

उलट टपाली उत्तर आलं : ‘चित्राचा रंग उडाला तर तुम्ही अभिनंदन करता का, बाई? खुर्ची खोकल्यासकट परत हवी. नाहीतर विश्वस्तांकडे तक्रार करीन.’

पुढच्या महिन्यात बाईंची नोकरी कायम व्हायची होती आणि विश्वस्तांनी बजावलं होतं, एकही तक्रार यायला नको.

त्यांनी दरवानाला गाठलं. “काका, हिला काही केलंत का तुम्ही?”

“मी काय करणार, मॅडम? दारातल्या वाऱ्यातून जरा आत सरकवली. अंगावर शाल टाकली. म्हातारं लाकूड, दया येते हो.”

“ती शाल काढा आधी! आणि खिडक्या उघडा.”

दोन दिवस खुर्ची ओल्या फडक्यावर, पंख्याखाली उभी होती. बाईंनी तिच्या तोंडावर डस्टरही झटकून पाहिलं. खुर्ची ठणठणीत. बाईंचं मात्र नाक वाहू लागलं.

‘खोकल्याऐवजी शिंक चालेल का?’ त्यांनी विचारून पाहिलं.

‘शिंक ही वेगळी शैली आहे,’ कलावंताने कळवलं. ‘मी स्वतः येतोय.’

आला तो थेट खुर्चीला कान लावून बसला. दहा मिनिटं झाली, वीस झाली. खुर्ची गप्प.

“मॅडम, बिचारी सुखात आहे, राहू दे की,” काका पुटपुटले.

“सुखात असलेल्या खुर्च्या घरोघरी असतात!” कलावंत ओरडला. मग दमून, आयुष्यात पहिल्यांदाच, आपल्या कलाकृतीवर टेकला.

आणि स्वतःच खोकला. खोल, करकरता, थेट लाकडी.

“हाच!” कलावंत छाती धरून म्हणाला.

“हाच, मॅडम,” काकांनी मान डोलावली.

बाईंनी वेळ दवडला नाही. फॉर्म पुढे ओढून लिहिलं, ‘खोकला : कलावंतास समक्ष परत मिळाला.’

“इथे सही करा.”

सही करताना तो पुन्हा खोकला. सही वाकडी आली. बाईंनी तेही फॉर्मवर नोंदवलं.