मामाच्या हातचे बूट

मोजा

सुवर्णाने मोज्याच्या काठातला एक धागा दातांनी तोडला, चिमटीत धरला आणि काडी ओढली. धागा नीट पेटला नाही. आक्रसला, टोकाला काळा थेंब जमला आणि थेंबाचा टणक मणी झाला. तिने तो नखाने दाबून पाहिला.

"वितळला," ती म्हणाली.

तिच्या आईने, इंदुबाईने, मांडीवरच्या साडीतून मान वर काढली नाही. साड्यांच्या मागच्या बाजूला लोंबणारे धागे कातरायचं काम ती घरी आणायची. खोलीभर लाल-हिरव्या धाग्यांचा कचरा उडत असे.

"केस जळाल्यासारखा वास आला का? नाही ना. मग लोकर नाही ते. आपल्याच गावचं प्लास्टिक आहे."

सुरतेच्या लिंबायतेत ही परीक्षा कुणाला शिकवावी लागत नाही. पोरं चालायला लागायच्या आधी यंत्रमागाच्या खटखटीवर झोपायला शिकतात, आणि कापड हातात आलं की काडी शोधतात. पण लोकर ओळखायची वेळ त्या गल्लीत कुणावर आली नव्हती. सुरतेची थंडी म्हणजे पंखा बंद ठेवायचे चार दिवस.

कॉलेजच्या एनसीसीतून हिमाचलच्या पदयात्रेला मुलींपैकी एकटी सुवर्णा निवडली गेली होती. उद्या सामानाची तपासणी होती. रविवारी गाडी.


आतलं

सराव घेणारे मास्तर फौजेतून निवृत्त झालेले. त्यांनी वर्गात सगळ्यांच्या बनियनची चेष्टा केली होती. सुती कपडा घाम पितो आणि धरून ठेवतो. चढताना कळत नाही, पण थांबलात की तेच ओलं कापड अंगाला चिकटून जीव गारठवतं. म्हणून अंगालगत सुती नको, घाम न पिणारं काहीतरी. त्यावर लोकर. त्यावर वारा अडवणारं काहीतरी. एक जाड कपडा घालण्यापेक्षा तीन पातळ घाला, म्हणजे काढता-घालता येतात.

शेजारच्या ज्योतीने आपला खेळायचा चकचकीत बनियन दिला. धुऊन धुऊन विटलेला, पण निव्वळ पॉलिएस्टर.

"बघ," सुवर्णा म्हणाली, "आत आपल्या गावचंच चालतं."

इंदुबाई हसली नाही, पण कातर क्षणभर थांबली.

सगळं जुनंच गोळा करावं लागत होतं. श्रावणात सुवर्णाचा बाप काशिनाथ मागावरच छाती धरून बसला तो उठला नाही, आणि तेव्हापासून घरात दुखवटा होता. माहेरच्या माणसाने दुखवट्याचं कापड अंगावर टाकेपर्यंत नवा धागा अंगाला लावायचा नाही, अशी त्यांच्याकडची रीत. माहेरचा माणूस म्हणजे इंदुबाईचा भाऊ हिलाल. दिवसकार्याला त्याने हात आखडता घेतला होता. घाई नको, सगळं एकदमच करू, एवढंच म्हणाला होता. एकदम म्हणजे काय, हे कुणी विचारलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं. बाप गेल्यावर वर्षाच्या आत पोरीचं लग्न उरकलं नाही, तर पुढे तीन वर्षं थांबायचं.


वरचं

मार्केटचे वॉचमन दत्तूआप्पा आपला खाकी ओव्हरकोट घेऊन स्वतःच आले. कोट घातल्यावर सुवर्णाचे हात बाह्यांत नाहीसे झाले.

"आप्पा, यात मी आणि आई दोघी मावू."

"मग दोघी जा. मला तरी इथं कुठं हिमालय राखायचाय?"

कोटाच्या खिशातून त्यांनी करड्या मोज्यांची जोडी काढली. टाचेला रफू केलेली. सुवर्णाने पुन्हा एक धागा तोडला, पुन्हा काडी ओढली. या वेळी धागा चुरचुरत जळला, राख बोटांत विस्कटली, आणि खोलीत असा वास भरला की इंदुबाईने पदर नाकाला लावला.

"हां," पदराआडून ती म्हणाली, "ही मेंढी."

उसना स्वेटर आणि माकडटोपी मिळाली. हातमोजेही मिळाले. गोधडीवर सगळं मांडल्यावर एक माणूस आडवा झोपल्यासारखा दिसत होता, फक्त त्याला


पाय

नव्हते.

तिचे कॅनव्हासचे बूट मास्तरांनी सगळ्यांसमोर दोन बोटांत धरून उचलले होते. "इन्हें पहनके मंदिर जाना, बेटा." मुलं हसली होती. मग त्यांचा आवाज बदलला होता. कोट उसना चालेल, टोपी उसनी चालेल, बूट उसना चालणार नाही. दुसऱ्याच्या पायाच्या वळणावर पडलेला बूट डोंगरात तुमचा पाय सोलतो. घोट्याच्या वर येणारा हवा, आणि दोन मोजे घालूनही बोटं हलली पाहिजेत. बोटं हलली नाहीत तर रक्त थांबतं. बर्फात माणूस पायाकडून संपायला लागतो. तपासणीत ज्याचा बूट बरोबर नसेल त्याचं नाव कापलं जाईल, मागे दुसरे उभे आहेत.

"बूट म्हणजे काही धागा नव्हे," सुवर्णा म्हणाली.

"नवीन ते नवीनच."

"आई, उद्या तपासणी आहे."

"मला ऐकू येतं."

इंदुबाईने साडी घडी करून बाजूला ठेवली. मग पुन्हा उलगडली आणि जिथे धागेच नव्हते तिथे शोधत बसली.


कापड

हिलालमामा दुपारी आला. लुना दारातच लावली, बगलेत पिशवी. नवागामहून येताना केस वाऱ्याने उभे राहिले होते. मार्केटमध्ये तो साड्यांची पार्सलं बांधायचा, आणि माणसांशीही पार्सलासारखंच बोलायचा. आवळून.

"ये भाऊ, बठ," इंदुबाई म्हणाली.

तो बसला नाही. गोधडीवर पाहत उभा राहिला.

"हाई काय मांडेल शे?"

"पोरगीनं सामान."

त्याने पायाच्या अंगठ्याने कोटाची बाही सरकवली. "डोंगर चढणार म्हणे. गडावर देवीच्या पायऱ्या चढताना रडत होती ही. मी खांद्यावर नेली हिला."

"पाच वर्षांची होते मामा," सुवर्णा म्हणाली.

"आता वीसची आहेस. आता खांद्यावर कोण नेणार?" तो म्हणाला, आणि पिशवी उघडली. "पाट मांड. आज कापड टाकतो तुमच्या अंगावर. म्हणजे पोर दाखवायला मोकळी. रविवारी पारोळ्याचे पाहुणे येताहेत."

सुवर्णाने आईकडे पाहिलं. आई पाट मांडत होती. पाट सरळ आहे की नाही ते हाताने चाचपून पाहत होती, जणू त्या पाटाखेरीज खोलीत काही घडतच नव्हतं.

"रविवारी माझी गाडी आहे," सुवर्णा म्हणाली.

"गाड्या रोज असतात."

"मामा, सगळ्या कॉलेजातून मुलींत मी एकटी..."

"वर्ष फिरलं की तीन वर्षं बसशील घरात. तेव्हा कॉलेज येईल का तुला उजवायला? मुलगा चांगला आहे. निर्व्यसनी. पाय धरून आणलेत ते लोक."

तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या आवाजात राग होता त्याहून जास्त दमणूक होती, आणि सुवर्णाला ती दमणूकच जास्त भ्यायला लावत होती. रागाशी भांडता येतं.

इंदुबाई पाटावर बसली. हिलालने हळदीकुंकवाची पुडी सोडली, नारळ ठेवला आणि फिकट निळं पातळ तिच्या खांद्यावर टाकलं. इंदुबाईने डोळे मिटून घेतले. मग ती उठली, आणि हिलालने दुसरी साडी काढली. अबोली, बारीक जर.

"बठ वं पोरी."

सुवर्णा पाटाकडे एक पाऊल टाकते न टाकते तोच इंदुबाईचा हात मध्ये आला. तिने भावाच्या हातातली साडी खाली दाबली, अगदी हळू, तापलेल्या दुधावर झाकण ठेवावं तशी.

"तिले पातळ नको. तिले बूट लई दे."

बूट घेऊन द्यायचे, हे हिलालला कळायला वेळ लागला. "दुखवटामा पायतन कोन देस?"

"मामाना हातनं काहीबी चालस."

"लोक थुंकतील माझ्या तोंडावर. पायतन देऊन नातं तोडतात, जोडत नाहीत."

"लोकांनी नाही घ्यायचे. तू घ्यायचे." इंदुबाईचा आवाज चढला नाही. "पाच महिने मी काही मागितलं नाही तुला. हे मागते. हौसेने आणलेलं पातळ राहू दे, पुढे नेसेल. आज तिच्या अंगावर टाकू नको."

गल्लीतले माग एका लयीत चालले होते. हिलाल बहिणीकडे पाहत राहिला, मग साडीकडे, मग भाचीच्या अनवाणी पायांकडे. नारळ उचलून त्याने देवाच्या फळीवर ठेवला. साडी पिशवीत घातली. दारात जाऊन लुनाचं पॅडल मारलं.

"चाल," तो न वळता म्हणाला.

कुठे, ते सांगितलं नाही.


रस्ता

लुना उधन्याच्या पुलाकडे निघाली. सुवर्णा मागे एका बाजूला बसली होती, दोन्ही जोड्यांचे मोजे मुठीत. निघताना आईने ते तिच्या हातात कोंबले होते आणि ती आत गेली होती.

पुलाच्या चढावर लुना धापा टाकू लागली, आणि तिथे सुवर्णाला आईचं बोलणं पुन्हा ऐकू आलं. आज तिच्या अंगावर टाकू नको. बूट दे, असं म्हणाली होती. पण आज टाकू नको, असंही म्हणाली होती.

कापड अंगावर पडलं नाही म्हणजे दुखवटा उतरला नाही. दुखवटा उतरला नाही म्हणजे पाहुण्यांपुढे बसवता येत नाही. रविवारीही नाही. पुढच्या रविवारीही नाही.

तिने मामाच्या पाठीकडे पाहिलं. सदऱ्यावर घामाचा नकाशा. त्या पाठीच्या आत हा हिशेब पोहोचला होता का? पोहोचला नसेल, तर कुठवर पोहोचणार नाही? हा माणूस गाठी मारून जगत होता. त्याला गाठ कळायला किती वेळ लागतो, हे तिला ठाऊक होतं.

लुना वळली. इथून सरळ गेलं की पाहुण्यांच्या नातेवाइकांचं घर. डावीकडे बाजार.

लुना डावीकडे जाऊन


पाय, पुन्हा

थांबली. बुटांच्या दुकानात दुकानदार गिऱ्हाइकांत गुंतला होता. त्याने सुवर्णाला वरखाली पाहिलं.

"बेन माटे? लेडीजमां आवुं नथी आवतुं."

"जेन्ट्समां नानुं बताव," हिलाल म्हणाला. बायकांच्यात मिळत नाही, तर पुरुषांच्यातला लहान.

तपकिरी, घोट्याच्या वर येणारा, जाड तळव्याचा बूट समोर आला. दुकानदार दुसऱ्याकडे वळला. सुवर्णा वाकून बूट घ्यायला गेली, तर हिलालने तिला हाताने मागे बसवलं. खांद्यावरचा टॉवेल जमिनीवर पसरला, त्यावर गुडघा टेकला आणि तिचा पाय उचलून मांडीवर घेतला. मोजा चढवण्याआधी त्याची बोटं तिच्या पावलाला लागून स्वतःच्या कपाळाला लागली. भाचीचा पाय हातात आला की त्यांच्याकडे जे करतात ते. त्याचं लक्षही नव्हतं.

"तुझा मास्तर काय म्हणतो? कसा हवा?"

तिला वाटलं, टोमणा आहे. पण तो वाट पाहत होता.

"दोन मोजे घालून बोटं हलली पाहिजेत."

त्याने दोन मोजे चढवले. आपल्या गावचा प्लास्टिकचा आत, मेंढीचा वर. बूट सरकवला. अंगठ्याने चवडा दाबून पाहिला.

"हालव."

तिने हलवली. बोटं आतल्या भिंतीला लागली. खोटं बोलावं, आहे तो घेऊन निघावं. मामा अजून खाली बघत होता, अजून त्याच्या ध्यानात आलं नव्हतं, प्रत्येक क्षण महाग होता.

"लागतात," ती म्हणाली.

"मोटो आप," हिलालने हाक मारली.

मोठा यायला वेळ लागला. माळ्यावरून खोकी पडली, दुकानदार शिव्या देत उतरला. हिलाल तिचा पाय मांडीवर घेऊन तसाच थांबला होता. मग दुसरा बूट आला, बोटं हलली, टाच जागची सरकली नाही. हिलालने नाडी ओढली आणि सवयीने आवळून पार्सलाची गाठ मारली.

"मामा, सुटेल अशी मारा."

"हं." तो गाठ सोडवू लागला. नखाने, सावकाश. "तुझ्या आईला साडीचा रंग आवडला नाही का?"

"रंगाचं नाही."

"मग आज टाकू नको कशाला म्हणाली?"

सुवर्णा गप्प बसली. गप्प बसणं म्हणजे सांगणंच होतं, हे तिला कळत होतं, पण दुसरं काही तोंडात येईना. गाठ सुटली. हिलालची बोटं नाडीवर तशीच राहिली. नाडीची दोन टोकं त्याच्या दोन हातांत, आणि तो त्यांच्याकडे पाहत होता. दुकानात कुणीतरी किमतीवरून वाद घालत होतं.

"कापड पडलं नाही तुझ्या अंगावर," तो म्हणाला.

"नाही."

"म्हणजे मी रविवारी..." त्याने वाक्य पुरं केलं नाही. पारोळ्याला गेलेला शब्द, पाय धरून आणलेले लोक, सरत चाललेलं वर्ष, सगळं त्याच्या तोंडावरून जाताना तिला दिसलं. पाय मागे ओढून घ्यावा असं तिला वाटलं. पण पाय त्याच्या मांडीवर होता, आणि त्याची पकड सैल झाली नव्हती.

त्याने नाडीचा एक फास केला. दुसरा केला. ओढून पाहिलं. सुटेल अशी गाठ त्याच्या हातून जरा वेडीवाकडीच आली.

"दुसरा पाय दे," तो म्हणाला.