धाकटीची लाँड्री

संस्थेच्या ताई घरी आल्या तेव्हा दोघी जावा चादर पिळत होत्या. एक टोक थोरलीच्या हातात, दुसरं धाकटीच्या, आणि मध्ये चादरीचा दोरखंड होऊन त्यातून पाणी गळत होतं. बसायला जागा नव्हती. खुर्चीवर टॉवेल, कॉटवर टॉवेल, दाराच्या कडीला उशीचे अभ्रे. थोरलीनं घाईघाईनं खुर्ची मोकळी केली आणि ओल्या हातानंच पुसली, त्यामुळे ती आणखीच ओली झाली. ताई तशाच तिच्यावर बसल्या. थोरलीला त्या तिथेच आवडल्या.

काम मुळात थोरलीचं. लग्न होऊन आली तेव्हापासून ती लोकांची धुणी धूत आली होती. कोपऱ्यावरच्या लॉजच्या चादरी, दोन सलूनचे टॉवेल. धाकटी घरात आली ती हसरी, बोलकी आणि कामाला अगदी कोरी. थोरलीनं तिला हाताखाली घेतलं, डाग काढायला शिकवलं, लॉजच्या मॅनेजरशी घासाघीस करायला सोबत नेलं. दोघींचे नवरे सख्खे भाऊ. थोरला गोदामात माल चढवायचा-उतरवायचा, धाकटा रंगकाम करायचा, म्हणजे मिळालं तर करायचा. दोन खोल्या, एक शेगडी, आणि धाकटीची लहानगी मुलगी. तिला दोन आया होत्या, एक नुसती आई आणि एक मोठी आई.

"आम्ही पैसे वाटत नाही," ताई म्हणाल्या. "मशीन देतो, गाळा देतो, धंद्याचं शिकवतो. दोन वर्षं पाठीशी उभे राहतो आणि कुटुंब स्वतःच्या पायावर उभं राहिलं की हात सोडतो."

"बरं आहे की," थोरली म्हणाली.

"फक्त नाव एकाच बाईचं लागेल. एका शेगडीवर जेवतात ते एक कुटुंब, आणि एका कुटुंबात एक मालकीण. दोन नावं लावली की पुढे भांडणं होतात. आमचा अनुभव आहे."

"मग जाऊबाईंचं लिहा," धाकटी लगेच म्हणाली.

थोरलीला इतकं बरं वाटलं, की त्या बरं वाटण्याच्या भरातच ती बोलून गेली, "छे, छे! हिचं लिहा. मला चार लोकांत बोलायचं म्हटलं की घाम फुटतो. ही बोलते चांगली. शिवाय हिच्या पदरात लेकरू आहे."

संध्याकाळी नवऱ्यानं ऐकलं आणि तो जेवता जेवता थांबला. "स्वतःचं का नाही सांगितलंस?"

"अहो, मशीन काय नाव विचारून धुणार आहे का?"

तो हसला. पुढे कितीतरी दिवस थोरलीला आपलं हे उत्तर फार हुशारीचं वाटत होतं.

मशीन आलं. गाळा बाजाराच्या मागच्या गल्लीत होता, अरुंद पण आत खोलवर गेलेला, मागच्या बाजूला एक खोली आणि नळाला धो धो पाणी. पहिल्या दिवशी दोघी मशीनच्या काचेसमोर मांडी घालून बसल्या आणि आतल्या चादरी गरगर फिरताना बघत राहिल्या. "बघा जाऊबाई, आपल्या कमरेचं काम आता हे करतंय," धाकटी म्हणाली. "ह्याची कमर दुखली की ह्याला कोण शेक देणार?" थोरलीनं विचारलं, आणि दोघी हसून हसून कलंडल्या.

धाकटी आठवड्यातून दोनदा संस्थेत शिकायला जायची आणि येताना नवे शब्द घेऊन यायची. गिऱ्हाईक, दर, वेळ, शिस्त. एक दिवस ती जरा अवघडून म्हणाली, "जाऊबाई, ताई म्हणतात की दुकानात हात घालणाऱ्या प्रत्येकाला पगार ठरवायचा. घरच्या माणसालासुद्धा. नाहीतर धंदा घरात जिरतो."

"मग तुला किती पगार?" थोरलीनं सहज विचारलं.

"मला नाही हो. माझं दुकान आहे ना."

त्यात धाकटीच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. तिनं आपलं जे होतं ते सांगितलं. पण त्या रात्री भाकरी करपेपर्यंत थोरली शेगडीपुढे बसून राहिली.

पगार सुरू झाला. पहिल्यांदा पाकीट देताना धाकटीनं तिच्याकडे बघितलं नाही आणि घेताना थोरलीनं धाकटीकडे बघितलं नाही. दुसऱ्यांदा तेवढं अवघड गेलं नाही. तिसऱ्यांदा धाकटीनं पाकीट इस्त्रीच्या टेबलावर ठेवलं आणि फोन घेऊन बाहेर गेली.

लॉज वाढलं, त्याच्या शेजारी दुसरं उभं राहिलं, आणि दोन्हींची धुणी धाकटीनं मिळवली. गोडबोली होती, वेळेची पक्की होती. धाकट्यानं रंगाचे ब्रश टाकले आणि गठ्ठे आणायला-पोचवायला एक जुनी गाडी घेतली. त्याच सुमाराला थोरल्याचं गोदाम बंद पडलं. दहा जणांबरोबर त्याचंही काम गेलं, तो घरी आला, आणि घरीच राहिला. थोरलीनं धाकटीला विचारलं, "ह्यांना गाडीवर घे ना भावाबरोबर. दोघं मिळून करतील."

"ताईंना विचारते," धाकटी म्हणाली.

दोन दिवसांनी उत्तर आलं. अजून एका पगाराएवढा धंदा नाही, असं ताई म्हणाल्या होत्या. पण पुढच्याच महिन्यात इस्त्रीला एक बाई आली. पलीकडच्या वस्तीतली होती, दोन मुलांची आई, हाताची चपळ. थोरलीचे गुडघे उभं राहून दुखायचे, हे खरंच होतं. इस्त्री तिच्याकडून काढून घेतली आणि तिला स्टुलावर बसवून घड्या घालायला दिल्या. ताई दुकानात आल्या की प्रेमानं म्हणायच्या, "मावशी, आता तुम्ही बसूनच करायचं हं." ताई चांगल्याच होत्या. थोरलीला राग धरायचा तर कुठे धरायचा तेच सापडत नव्हतं.

मग चादरी गुलाबी झाल्या.

नव्या लॉजचा अख्खा घाणा, सगळ्या पांढऱ्या चादरी, मशीनमधून निघाला तो फिकट गुलाबी होऊन. तळाशी धाकट्याचा लाल बनियन होता. घाईत त्यानं अंगातला काढून आत टाकला होता आणि थोरलीनं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तो नवा आहे, रंग सोडेल, एवढं मात्र तिच्या ध्यानात आलं नव्हतं. लॉजचा मॅनेजर एक चादर झेंड्यासारखी हातात धरून दुकानात शिरला. नेमक्या त्या दिवशी ताई आल्या होत्या.

"मशीन कुणी लावलं होतं?" ताईंनी विचारलं.

मशीन धाकटीनंच लावलं होतं. ती खाली बघत राहिली. इस्त्रीवालीचा हात थांबला. मॅनेजरची नजर दुकानभर फिरली आणि स्टुलावर बसलेल्या म्हातारपणाकडे झुकलेल्या बाईवर येऊन टेकली. ताईंचीही तिथेच आली. "असू दे, मावशी," त्या हळूच म्हणाल्या. "होतं असं कधीकधी. वय झालं की लक्ष राहत नाही."

थोरली वाट बघत राहिली. धाकटी आता बोलेल, आत्ता बोलेल. धाकटी बोलली नाही.

"मी हात लावला नव्हता मशीनला," थोरली उठून म्हणाली. "तो बनियन हिच्या नवऱ्याचा आहे. हिनंच मशीन लावलं. विचारा तिला."

धाकटीचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. पण आवाज तिनं खाली ठेवला, संस्थेत शिकवला होता तसा. "जाऊबाई," ती म्हणाली, "दुकानात घरचं काढू नका."

थोरलीनं हातातली अर्धी घडी टेबलावर ठेवली आणि चपला घातल्या. तिला कुणी अडवलं नाही.

आठ-दहा दिवस घरात भांड्यांचे आवाज तेवढे होते. दोघी एकाच शेगडीवर आळीपाळीनं उभ्या राहायच्या, एकीनं मीठ घातलं की दुसरी चव न घेता उतरवायची. शेवटी थोरली संस्थेत गेली. तिथे तिला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, ताई बाहेर येऊन तिला आत घेऊन गेल्या.

"मला पण उभं करा की पायावर," थोरली म्हणाली. "मला मोठं मशीन नको. लहान चालेल. गिऱ्हाईक मी आणते."

ताईंना खरंच वाईट वाटलं. "मावशी, तुमच्या कुटुंबाला मदत मिळालीय ना. आमच्या दृष्टीनं तुमचं घर उभं राहिलंय. वेगळं कुटुंब असतं तर गोष्ट निराळी."

ताई बोलल्या ते समजुतीच्या सुरात. थोरलीनं ते वाट दाखवल्यासारखं ऐकलं. घरी आल्या आल्या तिनं सांगून टाकलं, "आजपासून आमचं वेगळं."

नवरा म्हणाला, "अगं, विचार कर." धाकटा दारात उभा राहून नखं खात होता. बनियनबद्दल तो अजूनही एक अक्षर बोलला नव्हता. धाकटी भांडी काढून देऊ लागली. वाटणीत ती कुठेही कमी पडली नाही. मोठं पातेलं, कुकर, चांगला तवा, सगळं थोरलीकडे सरकवत गेली. "आणखी काही हवं का?" तिनं विचारलं. "हवं होतं ते तू दुकानात दिलं नाहीस," थोरली म्हणाली. मुलगी दोन्ही खोल्यांच्या मधल्या उंबऱ्यावर ताटली घेऊन उभी होती. आपण कुठे जेवायचं, असं तिनं विचारलं. विचारता विचारताच ती रडायला लागली आणि धाकटीनं तिला उचलून आत नेलं. महिनाभरात धाकटीचं बिऱ्हाड गाळ्यामागच्या खोलीत राहायलाच गेलं.

थोरली पुन्हा संस्थेत गेली. "झालं आमचं वेगळं," तिनं सांगितलं. "शेगडी वेगळी, घर वेगळं. येऊन बघा हवं तर."

ताईंनी चष्मा काढून डोळे चोळले. "मावशी, मी तसं करायला सांगितलं नव्हतं हो. मदत मिळाल्यावर वेगळं झालेलं आम्ही धरत नाही. धरलं तर प्रत्येक घर दोन होईल, दोनाचं चार होईल. तुम्ही समजून घ्या." मग त्यांचा चेहरा उजळला. "त्यापेक्षा जाऊबाईंशी बोला ना! त्यांना माणसं लागतातच. तुमच्या हाताला तर इतका अनुभव आहे."

थोरली उठली. जाताना तिनं ताईंना नमस्कार केला, सवयीनं. रस्त्यावर आल्यावर तिला त्या नमस्काराचाच सगळ्यात जास्त राग आला.

काम मिळालं ते त्याच नव्या लॉजमध्ये. खोल्या झाडायच्या, पुसायच्या, पलंगांवरच्या चादरी ओढून काढायच्या आणि गठ्ठा बांधून जिन्यानं खाली आणायचा. तीन मजले होते आणि लिफ्ट गिऱ्हाइकांसाठी होती. खाली गाडी घेऊन धाकटा उभा असायचा. तो "वहिनी, द्या इकडे," म्हणून गठ्ठा घ्यायचा आणि ती पाठ फिरवून वर जायची. नवरा एका इमारतीच्या फाटकावर कधी बदली म्हणून बसायचा, बहुतेक वेळा घरी बसायचा. पावलं टाकताना तिच्या गुडघ्यातून आवाज यायला लागले. उतरताना ती कठडा धरून, लहान मुलासारखी एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवून उतरायची.

दोन वर्षं भरली आणि संस्थेनं हात सोडला. एक कुटुंब पायावर उभं राहिलं म्हणून दुकानात छोटा कार्यक्रम झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी धाकटी एकटीच थोरलीच्या दारात आली. अंगानं भरली होती, पण चेहरा ओढलेला होता.

"त्या दिवशी मी बोलायला हवं होतं," ती उभ्या उभ्याच म्हणाली.

"हो. हवं होतं."

"आधीही एकदा ताईंकडे तक्रार गेली होती माझी. ताई बघत होत्या. मशीन परत घेतील असं वाटलं मला. तोंडच उघडेना, जाऊबाई."

थोरलीला ते पटलं. तिच्या जागी आपणही कदाचित गप्प बसलो असतो, असंही तिच्या मनात येऊन गेलं. पण पटल्यानं तिचा राग कमी झाला नाही. उलट, आता तो नीट धरताही येईना म्हणून ती जास्तच चिडली.

"मग? आता कशाला आलीस?"

"परत या. इस्त्रीला. स्टूल उंच करून घेतलंय, बसून करता येईल. आता ताईंना विचारायची गरज नाही, मीच ठरवते."

"इस्त्रीला बाई आहे की तुझ्याकडे."

"तिला सांगेन मी. दोघींचा पगार नाही परवडत."

"दोन मुलं आहेत तिला."

"माहितीय," धाकटी म्हणाली आणि भिंतीकडे बघू लागली.

आत कॉटवर नवरा पडून होता. तो कूस बदलायचा थांबला, म्हणजे ऐकत होता. थोरलीला लॉजचा जिना दिसला. तिसऱ्या मजल्यावरून खाली बघितल्यावर दिसतो तसा, वळत वळत गेलेला.

"सोमवारपासून येते," ती म्हणाली.

धाकटी तिच्या पाया पडायला वाकली. थोरली मागे सरकली. "राहू दे. दुकानात भेटूच."

सोमवारी थोरली वेळेच्या आधीच पोचली. धाकटी गाळ्याच्या आत कुणाशीतरी फोनवर दरावरून हुज्जत घालत होती. थोरलीनं इस्त्री तापायला लावली, पाण्याचा हात फिरवून बघितला, पहिला अभ्रा टेबलावर पसरला. तेवढ्यात दारात ती इस्त्रीवाली येऊन उभी राहिली. तिचा डबा आणि छत्री मागच्या खुंटीवर राहिली होती, ती न्यायला आली होती. थोरलीला टेबलाशी बघून आपलं काम का गेलं ते तिला कळलं.

"मावशी," तिनं विचारलं, "माझं काय चुकलं हो?"

तिचं काहीच चुकलं नव्हतं. हे सांगायला थोरलीशिवाय तिथे कुणी नव्हतं, आणि तिला ते ठाऊक होतं.

"आत बाईंना विचार," ती म्हणाली, मान वर न करता, आणि गरम इस्त्री अभ्र्यावर टेकवली.